दोन तारांवरून

आमगाव,
मंगळवार, २ जुलै २०२४

चि. रुचीस,
आबाजीचे ओंजळभर आशीर्वाद. मामा-मामींना नमस्कार सांग. इकडे सगळे ठीक आहेत. धानाचे पऱ्हे बोटभर वर आले आहेत आणि तुझ्या बाबाच्या दुकानात खतासाठी गर्दी आहे. हे पत्र दुर्गाप्रसादच्या हाती देतो. उद्या तो खताची गाडी घेऊन सडक अर्जुनीला येणार आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू ‘हो आबाजी, बरं आबाजी’ म्हणून मला गुंडाळतेस. कागदाला तसं गुंडाळता येत नाही.

आधी गंमत सांगतो. तू बी.एस्सी. फिजिक्स झालीस हे गल्लीला कळल्यापासून आपल्या ओट्यावर दोन मिक्सर आणि एक कूलर येऊन बसले आहेत. निर्मलाबाई रोज विचारते, पोरगी कधी येणार, माझा मिक्सर नुसता घुरघुरून राहिला. मी तिला म्हटलं, बाई, ती विश्वाचा अभ्यास करते. तर म्हणाली, मग मिक्सर काय विश्वाच्या बाहेर आहे?

आता खरी बातमी.

काल सकाळी तुझा बाबा मला मोटारसायकलवर बसवून दुधरामच्या शेतावर घेऊन गेला. त्याच्या बोडीच्या पाण्यापाशी सारसांची नवी जोडी गवताचं घरटं रचते आहे, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षीची मादी तिथेच तारांना लागून मेली होती. मागे उरलेला नर कितीतरी दिवस एकटाच हाक द्यायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. तेव्हा तू बांधावर उभी राहून दुधरामला समजावलं होतंस, की चिमणी एकाच तारेवर बसते म्हणून वाचते. सारसाचे पंख एवढे मोठे, की ते एकदम दोन तारांना लागतात. मग तू पत्र्याच्या पिवळ्या-पांढऱ्या चकत्या कापल्यास, मंद वाऱ्यातही फिरतील अशा, आणि परवानगीसाठी वीजवाल्यांकडे चकरा मारल्यास. गुलाब लाइनमनने लाइन बंद करून त्या टांगल्या, तेव्हा लोक म्हणाले, मास्तरच्या नातीनं तारांना बाशिंग बांधलं.

काल आम्ही बांधावर बसलो होतो. बोडीतून आधी नराची एक लांब हाक आली आणि लगेच मादीच्या दोन आखूड. एक गुरू, दोन लघू. अगं, हा तर भ गण! चाळीस वर्षं मी मुलांकडून गण घोकून घेतले, कविता चालीवर म्हणवून घेतल्या, आणि हे पक्षी न शिकवता म्हणत होते. पंखांचा मोठा फडफडाट झाला. मी श्वास धरून बसलो. तारांच्या बाजूने काही आवाज येतो का, म्हणून कान लावले. मग तारांपलीकडच्या धानाच्या बांधीतून पुन्हा तेच आलं. एक गुरू, दोन लघू. दोघंही!

“वरून गेले जी मास्तर,” दुधराम म्हणाला. “चकत्या पाहूनच वर उठले.” मग तुझ्या बाबाकडे वळला. “अन् कैलाश, असल्या पोट्टीले घरी कायले बसवून राहिला तू?”

परत येताना तुझा बाबा गाडी हळू करून म्हणाला, “आबा, रुचीची पुण्याची एम.एस्सी.ची जागा शनिवारपर्यंतच आहे ना?”

तुझ्या लक्षात आलं असेल, की सारस उडाले हे मी कानांनी सांगतो आहे. या पत्राच्या ओळी सरळ आल्या आहेत, त्याही पट्टी ठेवून लिहिल्यामुळे. मे महिन्यात मी चहा बशीच्या बाहेर ओतला आणि तू काही न बोलता टेबल पुसलंस. दुसऱ्या दिवसापासून तू मला पेपर वाचून दाखवायला लागलीस, मग माझी जुनी पाठ्यपुस्तकं, त्यातल्या कविता. आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणालीस, एम.एस्सी. नको, गोंदियालाच बी.एड. करते. तुझी आई खूश झाली. मलाही क्षणभर गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तू ते माझ्याकडे न बघता म्हणालीस, आणि माझ्या डोळ्यांना कमी दिसत असलं तरी तेवढं दिसलं.

बी.एड. वाईट नाही गं. मी मास्तरच आहे. शिकवायची खरी ओढ लागली, तर पुण्याहून येऊन शिकव, मी पहिल्या बाकावर बसेन. पण माझ्या मोतीबिंदूसाठी तुझं फिजिक्स थांबायला नको. त्याला डॉक्टर आहे. काल परत आल्यावर मी तुझ्या बाबाला सगळं सांगितलं. तो आधी रागावला, मग त्यानेच गोंदियाला फोन लावून पुढच्या सोमवारची ऑपरेशनची तारीख घेतली. उजवा डोळा आधी.

तर शनिवारच्या आत पुण्याची जागा पक्की कर. तुझा बाबा फोन करील, त्याच्यापुढे आढेवेढे घेऊ नकोस. जाण्याआधी एक दिवस इकडे ये, बोडीवर जाऊ. आणि निर्मलाबाईचा मिक्सर तेवढा बघून जा, नाहीतर ती मिक्सरसकट मला पुण्याला घेऊन येईल.

तिथून पत्र लिहिशील ना? माझ्यासाठी म्हणून मोठी अक्षरं काढू नकोस. नेहमीच्या बारीक अक्षरात लिही, मुंग्यांच्या रांगेसारख्या. मी स्वतः वाचेन.

तुझ्या बारीक अक्षराची वाट पाहणारा,
आबाजी