डावीकडे चिकटणारी दांडी

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा अडकली! धावपट्टी समोर, चाकं खाली, वेग बरोबर — आणि दांडी डावीकडे गेली ती तिथेच चिकटून बसली. विमान आडवं झालं आणि भाताच्या शेतात. संपलं.

दोन महिने ही कटकट चालू आहे. आधी नुसती करकर वाजायची. आता करकर कमी, चिकटणं जास्त.

चौतीस वर्षं विमानांच्या पोटात शिरून काढली मी. खऱ्या विमानांच्या. दुरुस्तीवर माझी सही असलेलं एकही विमान तक्रार घेऊन आमच्या इलोइलोच्या विमानतळावर परत आलं नाही. आणि संगणकावर विमान उडवायची ही प्लास्टिकची जॉयस्टिक माझ्याच टेबलावर मला दाद देत नाही.

बायकोला, पेर्लाला विचारलं, हात लावलास का? म्हणाली, धूळ पुसते तेवढंच.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार, चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली. पाद्रीबाबा म्हणाले, ईस्टरपर्यंत काहीतरी सोडा. मांस सोडणं सोपं, राग सोडून बघा. घरी आलो, दांडी हलवली. मांस सोडलं.

शुक्रवार, ७ मार्च

उघडली. चार स्क्रू समोर दिसतात, पाचवा रबरी पायाखाली लपवलाय. ज्याने लपवला त्याचं भलं होणार नाही. खाच घासून गेली, शेवटी पकडीने धरून काढला. झाकण उचलायला आणि मोठी स्प्रिंग उडायला एकच गाठ पडली. अर्धा तास फरशीवर रांगत होतो. सासष्टाव्या वर्षी! पेर्लाने चुलीवरचा भात तसाच ठेवला, आली, कपाटाखाली हात घातला, स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवली आणि गेली. असा राग आला.

आत काय होतं? पिवळा चिकट राडा. धूळ, केस, मेलेल्या मुंग्या. दांडी ज्या कडीत फिरते ती कडी फुगलेली. वास घेतला — खोबरेल तेल! माझ्या यंत्रात कुणीतरी खोबरेल तेल ओतलंय. डोक्याला लावायचं तेल!

हे काम तासियोचंच. शेजारच्या अंगणात बसून दिवसभर जगाला तेल घालत असतो — बिजागऱ्या, सायकल, कोंबड्यांच्या पिंजऱ्याचं दार.

शनिवार, ८ मार्च

तासियोकडे गेलो. कुंपणावरूनच सुरुवात केली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. त्याने सगळं ऐकून घेतलं. कोंबड्यांना दाणे टाकणं थांबवलं नाही. मग थोरल्या भावाला मारतात ती हाक मारून म्हणाला, "मनोंग, तुझ्या घरात मी शेवटचा आलो तो जूनमध्ये. त्या टेबलाजवळ जायची कुणाची छाती आहे? ते जिच्यासाठी मांडलं होतंस, तिलाच तू घरात ठेवली नाहीस."

घरी आलो. स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर फेकला. त्याचं टोक मोडलं. चांगला होता.

रविवार, ९ मार्च

जॉयस्टिक लेकीसाठी, अ‍ॅनलिनसाठी आणली होती. वैमानिक होणार होती. मी जन्मभर खालून पाहिलं ते ती वरून पाहणार होती. वैमानिकांच्या शाळेत दोन वर्षं उत्तम गेली. मग एके दिवशी म्हणाली, ताताय, मला नाही करायचं, मला जमिनीवरची माणसं आवडतात. हाँगकाँगला गेली, एका लुळ्या म्हाताऱ्याची सेवा करायला! तिकडेच लग्न केलं. मी म्हणालो होतो, मला ताताय म्हणू नकोस, बाप म्हणू नकोस. चार वर्षं झाली, म्हणाली नाही. शब्दाची पक्की आहे, एवढं माझ्यावर गेलीय.

दर रविवारी तिचा फोन येतो. पेर्ला तो घेऊन परसात जाते. मी इंजिनाचा आवाज वाढवतो. आज जॉयस्टिक सुटी पडलेली, इंजिन नाही. परसातून पेर्लाचं हसणं ऐकू आलं. बराच वेळ.

मंगळवार, ११ मार्च

झाली! सगळे भाग स्पिरिटने धुतले, कानाच्या काड्यांनी कोपरे काढले. फुगलेली कडी बारीक पॉलिश कागदाने घासली — घास, लाव, बघ, पुन्हा घास — सकाळ गेली. सिलिकॉनचं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढंच. प्लास्टिकला तेच चालतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दांडी सोडली की मधोमध येऊन उभी राहते. आवाज नाही.

मग संगणकात उड्डाणांची नोंद उघडली. किती तास झाले म्हणजे पुन्हा ग्रीस लावायचं, ते ठरवायला.

त्यात त्रेचाळीस उड्डाणं माझी नाहीत.

सगळी दुपारची, सव्वा एकची. मी एक ते चार झोपतो. सगळी इलोइलो ते हाँगकाँग. पहिली दोन आपल्याच धावपट्टीवर उलटली. एकोणीस समुद्रात. आठ डोंगरावर. मग धावपट्टीच्या अलीकडे, पलीकडे, शेजारी. शेवटची सहा उतरलीत. नीट उतरलीत.

बुधवार, १२ मार्च

पेर्ला मुगाच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, त्रेचाळीस. तिने मान वर केली नाही.

"करकर वाजायचं," ती म्हणाली. "तू जागा झाला असतास. म्हणून तेल घातलं."

मी तेलावरून ओरडलो. नुसत्या तेलावरून, अर्धा तास. प्लास्टिक फुगतं, धूळ धरतं, मुंग्या येतात, घरात माझ्या वस्तूला किंमत नाही! तिने शेंगा संपवल्या.

मग म्हणाली, "सेबिओ, तुझ्या एकाही विमानात मी कधी बसले नाही. मला भीती वाटते. म्हणून रस्ता बघून ठेवला. कुठे हलतं, कुठे वळतं, खाली पाणी कुठपर्यंत दिसतं. अ‍ॅनलिननेच शिकवलं, फोनवर."

"कशाला?"

"तिला सातवा महिना चाललाय. एकवीस तारखेला जातेय मी. पासपोर्ट ऑक्टोबरमध्येच काढला."

मला कुणी सांगितलं का नाही, असं विचारलं. ती म्हणाली, तुला ऐकायचं होतं का? आणि सालं गोळा करून मागे टाकायला गेली.

गुरुवार, १३ मार्च

वाळवलेल्या मासळीचा कालचा तुकडा आणि भात, स्वतः वाढून घेतला.

राग कुणावर ते सकाळी माहीत होतं. संध्याकाळपर्यंत नीटसं माहीत राहिलं नाही. म्हणून जास्तच राग.

शुक्रवार, १४ मार्च

आज झोपलो नाही. सव्वा एकला ती आली, मला बघून दारातच थांबली. मी खुर्चीतून उठलो.

बसली. चष्मा पुसला. दांडी हलवून पाहिली. आवाज आला नाही तेव्हा माझ्याकडे बघितलं. उडाली. पावणेतीन तास मी मागे उभा होतो, पाय दुखले तरी. हाँगकाँगच्या विमानतळाचं लांताऊ बेट आलं तेव्हा ती नाक फार खाली घेत होती. मी म्हणालो, जरा वर. म्हणाली, गप्प बस, मला माहितेय. चाकं टेकली. थोडं आपटलं.

मी विचारलं, परत कधी येणार? म्हणाली, तिकीट जाण्याचंच काढलंय.

सोमवार, १७ मार्च

पासपोर्टच्या कचेरीत, ज्येष्ठांच्या रांगेत. सकाळी सातपासून. चौतीस वर्षं लोकांना परदेशी जाणाऱ्या विमानांत बसवलं, स्वतःचा काढलाच नव्हता. पुढे बावीस माणसं आहेत. एकवीस तारखेपर्यंत होणार नाही म्हणतात. मग नंतरचं विमान.