चढावर मी वाट दिली नाही

आबा,

आज रविवार, सात डिसेंबर. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झालेत. मी ओट्यावर सायकल उलटी टेकवून डिझेलात बुडवलेल्या ब्रशनं साखळीतली माती काढत होतो. मधेच उठलो, हात दोनदा साबणानं धुतले आणि वही घेतली. पाच वाजायच्या आत मला एका कागदावर सही करायची आहे, किंवा करायची नाही. ते करण्याआधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही मधेच थांबवणार नाही, एवढा एक फायदा आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथंच सुटली. मेंढरं मामानं नेली आणि मी टेंभुर्णीत सायकलच्या दुकानात लागलो. मी आज चालवतो ती सायकल तुम्ही पाहिलेली नाही. जाड दातेरी टायर, पुढं दणके सोसणाऱ्या स्प्रिंगा, डोंगरातल्या पाऊलवाटांवर चालवायची सायकल. दुकानात भंगारात आलेल्या तीन सायकलींचे भाग जोडून ती उभी करायला मला दोन वर्षं लागली. अशा सायकलींच्या शर्यती होतात, आणि आजची शर्यत आपल्या डोंगरावर होती. जिल्ह्यातले पहिले तीन राज्याच्या शर्यतीला जाणार होते. डोंगराला तीन फेऱ्या. वाट कुठली, विचारा. मेंढरं कोंडायच्या वाडग्यापासून वर पठाराला जाणारी, एका अंगाला घळ आणि दुसऱ्या अंगाला बोरीची जाळी असलेली, आपल्या मेंढरांनी पाडलेली वाट. आयोजकांनी तिला दोन्ही बाजूंनी लाल फिती लावल्या आणि नकाशात तिला चार नंबरचा टप्पा म्हटलं. मी आठवडाभर रोज तिथं चालून आलो. कुठं दगड सुटा आहे, कुठं दोन माणसं शेजारी मावतात, सगळं लिहून ठेवलं. शर्यतीआधी चाकातली हवा चारदा बघितली. तुम्ही म्हणायचात, पोरगं लई चाचपतंय. अजूनही चाचपतो.

या खेळात एकमेकांना ओलांडायची रीत असते. समोरासमोर आलं तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा चाल धरता येत नाही. हे मी पहिल्यांदा मोबाइलवर वाचलं तेव्हा दुकानात एकटाच हसलो. हे तर तुमचं होतं. मला सहावं वर्ष असेल, आपण पठारावरून उतरत होतो आणि खालून एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढत होती. तुम्ही काठी आडवी धरून सगळी मेंढरं थांबवलीत आणि मला म्हणालात, "चढणाऱ्याला थांबवू न्हाई. त्याचा दम मोडतो." दुसरीही एक रीत तुम्हीच शिकवलेली. कळपाच्या मागून ओरडत यायचं नाही. आधी खाकरायचं, कोणत्या अंगानं येतोय ते कळू द्यायचं, रुंद जागेपर्यंत थांबायचं. मागून ओरडलं की मेंढरू बिचकतं आणि नेमकं आपल्याच पायात येतं. सायकलवालेही तेच सांगतात. मागच्यानं बाजू सांगायची, पुढच्यानं ऐकलं म्हणून कळवायचं आणि आपली रेघ सरळ ठेवायची, भांबावून इकडेतिकडे व्हायचं नाही. हे सगळं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

पण तुम्ही मला आणखी एक गोष्ट शिकवलीत आणि ती याच गोष्टींत मिसळून शिकवलीत, म्हणून ती वेगळी काढायला मला इतकी वर्षं लागली.

मी अकरा वर्षांचा आहे. आपण पांदीतून मेंढरं वर घेऊन चाललोय, दोन्ही बाजूंना हेकळीचे काटे. वरून एक जीप येते. त्या शिवारातली निम्मी जमीन ज्यांची, त्यांची जीप. मी पुढं आहे. मी हलत नाही. मी तुम्हाला ओरडून सांगतो, "आबा, आपण चढून राह्यलो ना? त्यानं थांबावं!" तुम्ही धावत येता आणि माझ्या कानाखाली देता. मग काठीनं मेंढरं काट्यात रेटता, म्होरकी रेटता, गाभण रेटता. जीपमधला माणूस काच खाली करून म्हणतो, "काय रे, बापाची वाट समजलास का?" आणि तुम्ही हात जोडून म्हणता, "न्हाई मालक, लेकरू हाय. जावा, जावा तुम्ही." जीप गेल्यावर आपण दोघं मेंढरांच्या लोकरीतले काटे काढत बसतो. एका कोकराचा पाय फाटलाय. तुम्ही त्याला हळद लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणता, "आपल्याला पुन्हा याच वाटंनं यायचंय. त्याच्याच रानात मेंढरं बसवायचीत. तुझी रीत तू खिशात ठेव."

मी तुम्हाला चुकीचं म्हणत नाही. तुम्हाला सत्तर मेंढरं आणि चार माणसं जगवायची होती, आणि मेंढरं रात्री खतासाठी कोणाच्या तरी रानात बसवल्याशिवाय ते होत नव्हतं. पण रीत सगळ्यांना सारखी असते तेव्हाच ती रीत. मोळीवाल्या बाईसाठी तुम्ही थांबलात ती रीत होती. जीपसाठी काट्यात गेलात ती भीती होती. दोन्हीला तुम्ही एकच नाव दिलंत. मला फक्त त्या दुसऱ्या गोष्टीसाठी मार पडला, म्हणून माझ्या अंगात तीच जास्त मुरली.

आता आजचं सांगतो. तिसऱ्या फेरीला मी तिसरा होतो. पठाराखाली मी एका काकांना गाठलं. जालन्याचे, पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, माझ्यापेक्षा पूर्ण एक फेरी मागे. फेरीनं मागे पडलेल्यानं लगेच वाट द्यायची असा शर्यतीचा नियम आहे. मी म्हणालो, "काका, उजवीकडून." त्यांनी पाय टेकवला, सायकल जाळीकडे ओढली आणि वर हसून म्हणाले, "जा बेटा, जा! मी हितं फोटो काढायला आल्तो." असं ओलांडायला किती सोपं असतं.

मग चार नंबरचा टप्पा, आपला चढ. माझ्या मागून एक जण आला. शहरातल्या मोठ्या क्लबचा, निळा टी-शर्ट, माझ्याच वयाचा. तो माझ्याहून एक जागा मागे होता, फेरी तीच. म्हणजे आम्ही दोघं एकाच जागेसाठी झटत होतो, आणि तसं असेल तर पुढच्यानं आपली रेघ सोडायची गरज नसते, फक्त मुद्दाम आडवं जायचं नाही. नियमांच्या कागदावर हे सातवं कलम आहे. तो ओरडला, "ए, साइड! हट जल्दी!" कोणती बाजू, ते नाही. घळीच्या अंगाला वीतभर जागा नव्हती आणि जाळीच्या अंगाला मी पाय टेकवला असता तर त्या चढावर पुन्हा बसता आलं नसतं. मी ओरडलो, "बाजू सांग! पुढं तीस पावलांवर मोकळं हाय, तिथं ये!"

"मी फास्ट हाय तुझ्यापेक्षा!"

"मंग तिथं दाखव!"

तो मागे बोंबलतच राहिला. मोकळी जागा आली तेव्हा मी डावा काठ धरला आणि उजवीकडं बैलगाडी जाईल एवढी वाट ठेवली. तो उठून जोर करायला गेला, बारीक खडीत त्याचं मागचं चाक फिरलं आणि त्याचा दमही तोवर ओरडण्यात गेलेला. मी दोन सायकलींच्या अंतरानं तिसरा आलो. तो चौथा.

पुढचा अर्धा तास मी तिसरा होतो, आबा. आईला फोनही केला. मग मला मंडपात बोलावलं. त्या क्लबनं तक्रार दिलेली, मी जाणूनबुजून वाट अडवली म्हणून. त्या टप्प्यावर आयोजकांचा माणूस नव्हता, म्हणजे त्या पोराचा शब्द आणि माझा शब्द. मुख्य पंच हे निवृत्त खेळशिक्षक आहेत, वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला चहा दिला आणि एक छापलेला कागद पुढं सरकवला. 'माझ्याकडून स्पर्धकाची वाट अडवली गेली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीची जागा.

"सही कर, विषय संपला," ते म्हणाले. "तुझी जागा तुलाच राहते. बिलकुल कोणी हात लावणार न्हाई."

"आणि न्हाई केली तर?"

"तर मंग तुझा निकाल रद्द करावा लागंल. कशाला ताणतो बेटा?"

मी खिशातून नियमांचा कागद काढला आणि सातवं कलम वाचून दाखवलं. ते हसले, "तू तर वकीलच निघाला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नियम बराबर हाय तुझा. पण त्यांचा क्लब मोठा हाय. पुढच्या वर्षी शर्यत घ्यायची तर त्यांची गाडी, त्यांची पोरं लागतात. तुलाही पुन्हा इथंच खेळायचंय ना? पाचपर्यंत विचार कर."

तुलाही पुन्हा इथंच. ते बोलले आणि मला त्यांच्या तोंडातून तुम्हीच ऐकू आलात. आतापर्यंत मी जवळजवळ सही करायच्या बेतात होतो, खरं सांगतो. राज्याची शर्यत मला हवी होती. ती जिथं होणार त्या गावाचं नाव मी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. आणि सही काय, एक रेघ. पण त्या कागदावर सही केली की तो चढ त्यांचा होतो. मग पुढच्या वेळी कोणीही मागून 'हट' म्हणेल आणि मी जाळीत जाईन, आणि माझ्यानंतर दुकानातून सायकल घेणारं आपल्यातलं प्रत्येक पोरगं जाईल, आणि सगळे म्हणतील की अशीच रीत आहे. मी त्या वाटेवर कोणालाही वाट देईन. फेरीनं मागे असलो तर थांबेन. चढणारा भेटला तर उतरून उभा राहीन. मेंढरं आली तर सायकल डोक्यावर घेईन. पण ज्याचा हक्क नाही त्याला, नुसता आवाज मोठा आहे म्हणून, देणार नाही. तुम्ही असतात तर इथं पुन्हा कानाखाली दिली असतीत. द्या खुशाल. या वेळी मी जागचा हललो नसतो.

चार वाजले. मी निघतो.

आता साडेसहा झालेत. आई आत भाकरी थापतेय. तिनं विचारलं, "काय लिहून राह्यलास येवढं?" मी म्हणालो, अर्ज.

मी त्यांचा कागद कोरा परत दिला आणि सोबत माझा स्वतःचा जबाब दिला, घरूनच लिहून नेलेला. तीनदा उतरवून काढला, एकही खाडाखोड नाही. त्याची हाक, माझं उत्तर, मोकळी जागा, सातवं कलम, सगळं क्रमानं. पंचांनी तो उभ्यानं वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लिहिलंय छान. पण मंग नाव काढावं लागंल." मी म्हणालो, "काढा. पण कारण लिहा निकालाच्या फळ्यावर." त्यांनी कारण लिहिलं नाही. माझा नंबर खोडला आणि त्याच्या जागी त्या निळ्या टी-शर्टवाल्याचा लिहिला. तो तिथंच होता, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. जालन्याचे काका फळ्याशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "माझ्या नावापुढं शेवटून दुसरा लिहिलंय. ते खोडा म्हणलं तर खोडत न्हाईत लेकाचे." मी हसलो. तिथं हसू येईल असं वाटलं नव्हतं. मग सायकल घेतली आणि रस्त्यानं न येता त्याच चढानं घरी आलो. लाल फिती अजून तशाच होत्या. एकीलाही हात लावला नाही, ती त्यांची वस्तू. वाट मात्र त्यांची नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट यात लिहायला हरकत नाही. जबाबात मी लिहिलंय की हाक ऐकूनही मी चाल मोडली नाही. ते पूर्ण खरं नाही. तो पहिल्यांदा 'हट' म्हणाला तेव्हा माझा उजवा पाय पेडलवरून निघाला होता. मी काढला नव्हता, आपला आपण निघाला. जमिनीला टेकायच्या आत मी तो परत वर घेतला, पण निघाला होता.

ते मी पंचांना लिहून दिलं नाही.