लहान इकडे, मोठं तिकडे

मंगळवार, संध्याकाळ

परी आठवडाभर अंगणवाडीत आली नाही, म्हणून आज मीच तिला शोधत संत्र्यांच्या शेडवर गेले. तिची आई शोभा तिथे फळं निवडायला जाते. तिच्याशेजारी परी पोत्यावर बसलेली, समोर संत्र्यांचा ढीग. लहान फळ एका कॅरेटमध्ये, मोठं दुसऱ्यात. एकदाही चुकत नव्हती. चार वर्षांची पोर!

मी चिडून म्हटलं, "शोभा, एवढ्याशा लेकराले इथं काहून बसवलं?"

"मंग काय करू, बाई? तुमची अंगणवाडी दुपारीच सुटते, आमाले घरी जायाले दिवस बुडते. मधात कोन पाहीन तिले?"

दिवसभराची अंगणवाडी हवी म्हणून मी वरच्या ऑफिसात किती वेळा बोलले. जाऊ दे.

मग शोभा हसली. "अन् मालकबी खुश हाये तिच्यावर. म्हन्ते, रोज आनत जा. तुमीच त शिकवलं तिले."

हो, मीच. बाटल्यांची झाकणं घेऊन. लहान इकडे, मोठं तिकडे. सगळ्यांत आधी परीलाच जमलं होतं. बरोबर आलं की आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. त्या दिवशी मीच जास्त जोरात वाजवल्या असतील. केवढं कौतुक वाटलं होतं मला. आणि हे कशाला शिकवलं मी? याच्यासाठी?

मी निघाले तेव्हा परीनं एक मोठं संत्रं बरोबर कॅरेटमध्ये टाकलं आणि माझ्याकडे बघत थांबली. दुसरं उचलेना. टाळ्यांची वाट बघत होती.

मी वाजवल्या.