सरांच्या फोटोला हार

शनिवार, संध्याकाळ

तीन कॉलेजं मिळून आमचं एक झालं, त्याचा आज वर्धापनदिन. प्राचार्यांनी तिन्ही संस्थापकांच्या फोटोंना चंदनाचे हार घातले. त्यातले मंठ्याच्या कॉलेजचे संस्थापक, आमचे सर, अजून जिवंत आहेत का, हे विचारायचंही कुणाला सुचलं न्हाई? बोलावलं नसताना सर आल्ते. मागच्या रांगेत बसून स्वतःच्या फोटोवरचा तो हार बघत होते.

मी प्राचार्यांच्या कानात सांगितलं, तर म्हणाले, "आता राहू द्या. काढला तर आपलंच हसं होईल. तसंही मंठ्याचं कॉलेज कुठं राह्यलंय?"

वरून तो हार सरळ केला! मंग माइकवर म्हणाले, "दिवंगत संस्थापकांना श्रद्धांजली. सर्वांनी उभं राहावं."

सर काठी टेकत सगळ्यांच्या आधी उभे राहिले.