मी न खाल्लेल्या गोळ्या

१४ जानेवारी

आजही डोकं दुखत नव्हतं, तरी समता कॉलोनीत उदयच्या खोलीवर जाऊन आली. उदयनं दार उघडलं, अर्ध्या गालाला साबण. "काहून, पुन्हा डोकं?" मी हो म्हटलं. ड्रॉवर उघडला — औषध कंपनीवाले इंटर्न लोकांले सॅम्पल देतात, त्या सॅम्पलनंच गच्च भरला आहे — अन् दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी हातावर ठेवली. "जेवून घेजो." बस. नाडी पाहिली नाही, कपाळाले हात नाही. तीन वर्षं झाली मेडिकलच्या पुस्तकात वाचून राहिली, आधी पेशंट तपासा. मले एकदा तपास ना बाबा.

तोंडानं "थँक्यू सर" म्हटलं. सीनियरले सर म्हणावंच लागते. उदय फक्त इथं, वहीत.

१९ जानेवारी

पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात ठेवते. एकही खाल्ली नाही. आज इरावतीले, माझ्या रूममेटले, डबा सापडला. तिची कंबर खरंच दुखते. "इतनी सारी? मैं ले लूँ?" म्हटलं, घे. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत कोण जाते? ज्या सरांसमोर परवा व्हायवा द्यायची, त्यांच्याचसमोर जीभ काढून बसायचं? होस्टेलातलं कोणी जात नाही. सगळे एकमेकांचे डॉक्टर.

२ फेब्रुवारी

डबा रिकामा. इरावती रोज दोन घेऊन राहिली, तेही मेसमध्ये न जेवता. मी रागवायले पाहिजे होतं. मले बरं वाटलं — जायले कारण झालं.

३ फेब्रुवारी

गेली. दार त्याच्या रूम-पार्टनरनं उघडलं. उदय ड्युटीवर. चार-पाच पट्ट्या पार्टनरनंच दिल्या. उगाच सदर बाजारापर्यंत भटकली, काही न घेता परत आली.

१६ फेब्रुवारी

एकतीस मार्चले त्याची इंटर्नशिप संपते. मग पुणे, तिथं नोकरी ठरली आहे. त्यानंच सांगितलं, मी "अशक्तपणा वाटते" म्हणून गेली तेव्हा. आयरनच्या गोळ्या दिल्या. पुणे म्हणताना किती खूश होता तो! मी पण हसली.

सहा आठवडे राहिले.

२४ फेब्रुवारी

आयरनही इरावतीनंच सुरू केलं. तिले चक्कर येऊन राहिली. आज म्हणे, संडास काळी होते. मी म्हटलं, आयरननं होते तशी. "हव, वही तो," म्हणाली. दोघींचं उत्तर पुस्तकातलं.

२७ फेब्रुवारी

सकाळी इरावतीले बाथरूममध्ये रक्ताची उलटी झाली. रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेली. ड्युटीवर उदयच. तिचं मनगट धरून घड्याळाकडे पाहात होता. पापणी खाली ओढून पाहिली. पोटावर हात ठेवून विचारलं, इथं दुखते का? अन् मी — लिहायलेही लाज वाटते — मले तिचा हेवा वाटला.

"काय काय घेते ही? सच बता, कौमुदी."

सांगितलं तर माझं सगळं उघडं पडते. नाही सांगितलं तर हिचं काय होईल? सांगितलं. रोज दोन, कधी तीन, उपाशीपोटी, महिन्याच्या वर.

"दिल्या कोणी?"

"तुम्ही मले दिल्या त्याच. मी एकही खाल्ली नाही."

"मग येत काहून होतीस?"

मी इरावतीची चादर नीट करू लागली. तो पाहात राहिला माझ्याकडे. मग रक्ताच्या पिशव्या मागवायले गेला.

१ मार्च

अल्सर होता; ती काळी संडास आयरननं नाही, रक्तानं होती. रक्त थांबलं. चार पिशव्या लागल्या. तिची आई दुर्गहून आली. माझे दोन्ही हात धरून म्हणते, "तू थी, तभी मेरी बच्ची बची." मी पाणी आणते सांगून निघाली अन् परत गेलीच नाही.

६ मार्च

उदयनं मेडिसिनच्या सरांले लिहून दिलं — "गोळ्या मी दिल्या, न तपासता दिल्या." इरावतीनंच सांगितलं हे. त्या कागदात माझं नाव कुठंच नाही. मी सांगायले जायले पाहिजे. दोनदा सरांच्या खोलीपर्यंत गेली अन् दारातूनच परत आली.

९ मार्च

शिक्षा म्हणून त्याची इंटर्नशिप तीन महिने वाढवली. पुण्याची नोकरी गेली. जूनपर्यंत तो इथंच.

मले आनंद झाला.