आंजीच्या काकूंचं शून्य

वर्धा, मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८

आज आंजी गावात सर्व्हेला गेले. पर्यावरणासाठी लोक आपल्या सवयी किती बदलतात, ते मोजायचं. सगळ्या देशांत म्हणे हाच फॉर्म. एका म्हाताऱ्या काकूंना विचारलं, "वर्षभरात कोणत्या वस्तूंचा वापर कमी केला?"

"कमी काऊन करू, बाई? जास्त होतं कवा?"

नियमाप्रमाणे शून्य लिहिलं. समोर दोरीवर त्यांनी धुतलेल्या कॅरीबॅगा वाळत होत्या. धुऊन पुन्हा वापरण्याला रकानाच नाही. कोणी बनवला हा फॉर्म?

चहा देताना त्यांनीच मला विचारलं, "तुह्या घरी किती जन हायेत?" मी कागद आवरायला लागले. सांगता आलं असतं की. का नाही सांगितलं?

घरी येऊन उगाच माझाच फॉर्म भरला. वीज कमी केली? हो. गॅस? हो, सिलिंडर आता दुप्पट पुरतो. नवी खरेदी? काहीच नाही. पैकीच्या पैकी! आणि त्या काकूंना शून्य. त्या कॅरीबॅगा काही डोळ्यांपुढून जात नाहीत.

सवय का बदलली, ते फॉर्म विचारत नाही. आई गेल्यापासून दूधही अर्धंच घेते.