पगडीच्या अस्तरात

खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
१९३४

ती. भावजींस,

विधवेच्या हातची पगडी नवरदेवाला अशुभ, असं बाजारभर सांगून तुम्ही माझ्या दुकानाची पायरी ओस पाडलीत. दोन लगीनसराया मी नुसती माशा मारत बसले.

परवा एक अनोळखी माणूस डोक्याच्या मापाचा दोरा घेऊन आला. नाव विचारलं, तर म्हणाला, "नाम से क्या, नाप तो है न!"

दोरा हातात घेताच ओळखला. तुमच्या मधूच्या टोप्या मीच शिवायचे. एवढं मोठं डोकं गावात दुसरं नाही.

पगडी माझ्या गुडघ्यावर बांधून तयार आहे. उद्या मांडवात मला मात्र बोलावणं नाही. म्हणून हे पत्र धाडत नाही, पगडीच्या अस्तरात शिवते आहे. तुमच्या अक्षता माझ्या सहीवर पडतील.

अनसूया, पगडीवाली